सक्युलंट गिफ्ट सेट: रोप ठेवा, बाकीचं बदला

वाढदिवस, वास्तुशांत, ऑफिसातला निरोप समारंभ, कशालाही चालणारी भेट म्हणून सक्युलंटचा, म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल रोपाचा, तयार सेट हल्ली सर्रास दिला जातो. साधारण साडेतीनशे ते सहाशे रुपयांच्या खोक्यात तीच मंडळी असतात: २-३ इंची काळ्या प्लास्टिक कुंडीतलं रोप, चकचकीत सिरॅमिकची कुंडी, मूठभर रंगीत खडे, बोटभर स्प्रे बाटली, खताची पुडी आणि निगा कशी राखावी याचं कार्ड. विक्रेता बदलला तरी आतला माल फारसा बदलत नाही, रिबीन तेवढी बदलते. म्हणून हे परीक्षण एका दुकानाचं नाही, त्या खोक्याचं आहे.

खोक्यातली एकच वस्तू पैशाची असते, ती म्हणजे रोप. उरलेल्या पाचांपैकी तीन वस्तू ते रोप मारायला मदत करतात. गंमत म्हणजे रोप मेलं की दोष घेणाऱ्यालाच लागतो, 'माझ्या हाताला झाडं लागत नाहीत' म्हणून.

रोपापासून सुरुवात करू. कार्डावर बहुतेक वेळा नुसतं 'सक्युलंट' लिहिलेलं असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हावर्थिया, इचेव्हेरिया, जेड, कलांचो आणि लाल टोपीचा मून कॅक्टस या पाचांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. घरात ठेवायला सगळ्यांत भरवशाचा हावर्थिया: गडद हिरवी टोकदार पानं, त्यावर पांढरे आडवे पट्टे. पूर्वेच्या खिडकीत तो वर्षानुवर्षं टिकतो आणि बुडातून पिल्लं देतो. भर दुपारचं ऊन लागलं तर पानं तांबूस पडतात. सावलीकडे सरकवलं की काही आठवड्यांत पुन्हा हिरवी होतात.

इचेव्हेरिया, म्हणजे गुलाबासारखी रचना असलेलं, फोटोत सगळ्यांत देखणं रोप, मूळचं मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा हवा. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात हिवाळ्यात ते खुलतं. मुंबई, कोकण आणि गोव्यात जुलैच्या दमट, उबदार रात्री त्याला झेपत नाहीत. समुद्रकाठी राहणाऱ्याला भेट द्यायची असेल तर इचेव्हेरिया सोडून दुसरं काहीही निवडा.

जेडच्या नावाखाली दोन वेगळी झाडं विकली जातात, दोन्ही दक्षिण आफ्रिकेची. आपल्या नर्सरीत ज्याला सर्रास जेड म्हणतात, ते बारीक गोल पानांचं आणि तांबूस-तपकिरी काडीचं झाड बहुतेक वेळा पोर्टुलकारिया असतं; तिकडे हत्ती ते आवडीनं खातात. खरं जेड म्हणजे क्रॅसुला: त्याची पानं बोटाच्या पेराएवढी किंवा मोठी, जाड, आणि खोडही मांसल. फरक निव्वळ नावाचा नाही. क्रॅसुलाचं एक पान मातीवर ठेवलं तरी त्याला नवं रोप फुटतं. पोर्टुलकारियाच्या पानाची वाट बघत बसू नका, ३-४ इंचाची काडी लावा. पोर्टुलकारिया पाण्याच्या बाबतीत बराच सोशिक आहे, नवख्याच्या दोन-चार चुका तो पोटात घालतो.

मून कॅक्टसचा लाल किंवा पिवळा गोळा म्हणजे कलम आहे. त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणून तो ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतल्या हिरव्या खुंटावर बांधलेला असतो आणि त्याच्याच जिवावर जगतो. खुंट आणि गोळा यांची वाढ सारखी होत नाही, त्यामुळे काही वर्षांत कलम सुटतं. ते सुटलं तर आपलं काही चुकलं असं समजू नये. कॅक्टसच्या डोक्यावर कागदासारखं कोरडं, कधीच न कोमेजणारं फूल दिसलं तर ते गरम गोंदानं चिकटवलेलं असतं. तसंच निळ्या-जांभळ्या रंगानं फवारलेली किंवा चमकी लावलेली रोपं. रंगाच्या थराखाली पानाला प्रकाश मिळत नाही. अशा रोपाला हात लावू नका.

कुंडीला शून्य गुण. दिसायला सुरेख, तळाला भोक नाही. विक्रेते म्हणतात तळाला खडे टाका, पाणी खाली साचेल आणि मुळं कोरडी राहतील. तसं होत नाही. बारीक कणांच्या मातीतून भरड खड्यांच्या थरात पाणी सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती चिंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे खडे घातल्यानं ओला थर उलट वर, मुळांच्या जवळ येतो. जास्त झालेलं पाणी खाली जाऊन बसतं आणि बाहेर पडायला वाट नसते.

कुंडी आवडलीच असेल तर दोन मार्ग. सोपा मार्ग: रोप भोकाच्या साध्या कुंडीत ठेवायचं आणि ती कुंडी सिरॅमिकच्या आत बसवायची. पाणी घालताना बाहेर काढायची, मोरीत पाणी घालून १५-२० मिनिटं निथळू द्यायची, मग परत आत. दुसरा मार्ग भोक पाडण्याचा. टाइल किंवा काचेसाठीचं ६ ते ८ मिलिमीटरचं डायमंड बिट घ्या. कुंडी ओल्या फडक्यावर उपडी ठेवा, भोकाच्या जागी मास्किंग टेप लावा, ड्रिलचा हॅमर मोड बंद करा, वेग कमी ठेवा आणि बिटवर थेंबथेंब पाणी पडू द्या. डोळ्यांना चष्मा हवाच. जोर लावला की कुंडी तडकते. बिटला त्याच्या गतीनं खाऊ द्यायचं.

मुंबईपासून नागपूरपर्यंत कुठेही चालेल अशी कुंडी कुंभाराकडे वीस-तीस रुपयांत मिळते: बिनरंगाची, भाजलेल्या मातीची, रोपाच्या घेरापेक्षा अर्धा-एक इंच मोठी. त्याहून मोठी नको. मोठ्या कुंडीत मुळांपेक्षा माती जास्त, आणि जी माती मुळांना पिता येत नाही ती ओलीच राहते.

आता माती. सेटमधल्या रोपाचं खरं दुखणं इथे आहे, म्हणून जरा बैजवार. काळ्या कुंडीत बहुधा निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असतं. नर्सरीवाल्याच्या दृष्टीनं ते बरोबर आहे: वजनाला हलकं, कुरिअरला स्वस्त, आणि शेडनेटमध्ये पंखे-वारा असल्यानं तिथे लवकर सुकतं. घरातल्या टेबलावर तेच कोकोपीट पंधरा-पंधरा दिवस ओलं राहतं. आणि एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरायलाच तयार नसतं. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेनं सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा. म्हणजे एकतर दलदल, नाहीतर दुष्काळ. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ओल आणि हवा दोन्ही असलेली ती मधली अवस्था, तिथे येतच नाही.

४ इंची कुंडीला पुरेल असं मिश्रण घरातल्या वाटीनं, साधारण १५० मिलिलिटरच्या, असं करा: १ वाटी चाळलेलं गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, १ वाटी पर्लाइट (फुलवलेल्या ज्वालामुखी खडकाचे हलके पांढरे दाणे), दीड वाटी विटेचे तुकडे, अर्धी वाटी भरड वाळू. वर चमचाभर निंबोळी पेंड. हे प्रमाण मुंबई-कोकण-गोव्याचं. पुणे-नाशिककडे खत सव्वा-दीड वाटी चालतं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात कुंडी दोन दिवसांत खडखडीत होते, तिथे दोन वाट्यांपर्यंत जायला हरकत नाही.

विटेचा तुकडा ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक नको आणि हरभऱ्यापेक्षा मोठा नको. पक्की भाजलेली लाल वीट गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडायची, गव्हाच्या चाळणीनं चाळायची, चाळणीत उरेल ते घ्यायचं, खाली पडलेली पूड टाकून द्यायची. ही पूडच निचऱ्याची वैरी आहे: दोन तुकड्यांमधल्या ज्या फटीतून हवा खेळायची, तीच बुजवते. मग तुकडे पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. सिमेंटची किंवा राखेची वीट वापरू नका, ती अल्कधर्मी असते. बांधकामावरची कृत्रिम वाळू आणली तर तीही अशीच धुऊन घ्या, तिच्यात दगडाची भुकटी फार असते. समुद्राची वाळू नकोच, मिठामुळे. पर्लाइट पिशवीतून काढण्याआधी त्यावर थोडं पाणी शिंपडा, कोरडी धूळ नाकात जाते. मास्क लावलेला बरा.

'सक्युलंट मिक्स' म्हणून तयार मिळणाऱ्या पिशव्यांचंही इथेच उरकून घेऊ. पिशवी पारदर्शक असेल तर बघा: निम्म्याहून जास्त माल तपकिरी आणि मऊ दिसला तर ते नाव बदललेलं कोकोपीट आहे. ते टाकून देऊ नका, त्यात तेवढ्याच मापाचे विटेचे तुकडे आणि पर्लाइट घालून वापरा. परीक्षा सोपी: मिश्रण ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला तर नापास, सुटं होऊन पडलं तर पास.

रोप बदलण्याची वेळही महत्त्वाची. आल्या दिवशी नाही. कुरिअरच्या अंधाऱ्या खोक्यात तीन-चार दिवस काढलेल्या रोपाला आधी आठ-दहा दिवस उजेडात, बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात दिसते. मग माती कोरडी असताना कुंडी दाबून रोप अलगद काढा आणि मुळांभोवतीचं कोकोपीट बोटांनी झाडा. मध्यभागी कापडी जाळीचा किंवा स्पंजचा गुंडाळा सापडण्याची शक्यता बरीच आहे. रोप लहान असताना त्यात वाढवलेलं असतं. तो राहू दिला तर मुळांच्या मधोमध कायम ओला बोळा राहतो. कात्रीनं उभा कापून काढा. काळी, पोकळ मुळं छाटा, पांढरी ठेवा. नव्या कुंडीत बसवल्यावर ५-७ दिवस पाणी घालायचं नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा तेवढ्यात सुकतात. ओल्या मातीत त्याच जखमांतून बुरशी आत शिरते.

रंगीत खड्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रंग पाण्यात उतरतो आणि खड्यांखालची माती ओली की कोरडी ते दिसत नाही. काही सेटमध्ये मात्र हे खडे गोंदानं चिकटवून एक वडी केलेली असते, म्हणजे वाहतुकीत सांडू नयेत. त्या वडीखाली पाणी नीट मुरत नाही आणि खोड जाड झालं की आवळलं जातं. कोमट पाण्यानं भिजवून सुरीच्या टोकानं ती काढून टाका.

स्प्रे बाटली ही सेटमधली सगळ्यांत लाडकी आणि सगळ्यांत निरुपयोगी वस्तू. सक्युलंटच्या पानावर मेणाचा थर असतो, पानावरून पाणी आत जात नाही. शिवाय बहुतेक सक्युलंट दिवसा पर्णरंध्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतात. या पद्धतीचं इंग्रजी नावच जेडच्या क्रॅसुलेसी कुळावरून पडलं आहे. म्हणजे सकाळी मारलेला फवारा रोपाच्या काहीच कामाचा नसतो. तो पानांच्या बेचक्यात साचतो, इचेव्हेरियाच्या मधल्या कोंबात राहतो आणि तिथून कूज सुरू होते. त्याऐवजी टपरीवर सॉसला वापरतात तसली चोचीची बाटली घ्या. पाणी पानांखालून थेट मातीत जातं. स्प्रे बाटली पानापासून वाढवलेल्या कोवळ्या रोपांसाठी आणि औषधाच्या फवाऱ्यासाठी राखून ठेवा.

कार्ड तर आणखी घोळ घालतं. 'आठवड्यातून एकदा दोन चमचे पाणी' असं त्यावर असतं. दोन चमच्यांनी वरचा एक सेंटिमीटर ओला होतो, खालची मुळं तहानलेली राहतात आणि वर येऊ लागतात. आणि 'आठवड्यातून एकदा' हे मे महिन्यातल्या अकोल्याला लागू करायचं की जुलैतल्या रत्नागिरीला? सक्युलंटला पाणी कॅलेंडर बघून घालायचं नसतं, वजन बघून घालायचं असतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर नवं मिश्रण भरल्यावर, माती पूर्ण कोरडी असताना, कुंडी एकदा तोला आणि आकडा कुंडीच्या बुडाशी लिहा. पाणी घालायचं ते तळाच्या भोकातून वाहेपर्यंत, पोटभर. निथळल्यावर पुन्हा तोला. मग वजन कोरड्या आकड्यावर परत येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरही दोन-तीन दिवस जाऊ द्या. काटा नसेल तर उदबत्तीची जुनी काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. ओलसर डाग दिसला तर पाणी नको. दोन-तीन महिन्यांत हाताला वजनाचा अंदाज बसतो आणि काट्याची गरज राहत नाही.

कार्डावरचं दुसरं वाक्य 'कमी उजेडात वाढणारं इनडोअर प्लँट'. बाहेरचं भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं, खोलीच्या मध्यभागी टेबलावर काहीशे लक्स. डोळा जुळवून घेतो म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही, रोपाला जाणवतो. इचेव्हेरिया अशा टेबलावर महिन्याभरात लांबुडकं होतं: पानांमधलं अंतर वाढतं, पानं खाली झुकतात, शेंडा खिडकीकडे वाकतो. वाढलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून नव्यानं लावायचा, एवढाच उपाय. रोप खिडकीच्या काचेपासून हातभर अंतरात ठेवा. पूर्वेचं तीन-चार तासांचं ऊन सगळ्यांत चांगलं. उन्हात न्यायचं असेल तर रोज थोडा वेळ वाढवत १०-१४ दिवसांत न्या, नाहीतर पानांवर भाजल्याचे पांढरट डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. खिडकीच नसलेल्या ऑफिसात पांढरा एलईडी दिवा रोपाच्या वर २०-३० सेंटिमीटरवर, रोज १२ तास.

खताची पुडी बहुधा १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) असते. लिटरला १ ग्रॅम, वर्षातून दोन-तीन वेळा, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. कार्डावर 'दर महिन्याला' लिहिलेलं असतं, ते पुडी संपावी म्हणून.

आता पावसाळा. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि रोप घरात असलं तरी हवेतली ओल घरात येतेच. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या ग्रिलमधून आत घ्या, पण उजेडातून काढू नका. दिवसाचे काही तास पंख्याचा वारा मिळू द्या; पावसाळ्यात सक्युलंटला खतापेक्षा पंखा जास्त उपयोगी. कोकणात पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये तीन-चार आठवडे सहज जातात. पानं किंचित मऊ पडली तरी घाबरून पाणी घालू नका.

रोप काय सांगतंय ते पानांवरून कळतं. सगळ्यांत खालचं पान वाळून कागदासारखं झालं तर ते म्हातारपण, काही करायचं नाही. पानं पिवळट, काचेसारखी अर्धपारदर्शक, हात लावला की गळतात: पाणी जास्त झालं. पानं सुरकुतली आणि माती कोरडी: तहान, पाणी घाला. फसवं लक्षण चौथं: पानं सुरकुतली, पण माती ओली. मुळं कुजून गेलेली असतात, म्हणून ओल्या मातीतही रोप तहानलेलं असतं. इथे बहुतेक लोक आणखी पाणी घालतात आणि खेळ संपवतात. अशा वेळी रोप उपटा. खोड खालून काळं असेल तर धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या पात्यानं थोडं थोडं कापत वर जा, आतला काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका उरला तरी कूज पुन्हा चढते. शेंडा सावलीत कोरड्या जागी सुकू द्या: उन्हाळ्यात ३-५ दिवस, पावसाळ्यात पंख्याखाली ८-१० दिवस. जखमेवर खपली धरली की कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही.

सेटबरोबर फुकट येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पिठ्या ढेकूण. पानाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा ठिपका दिसला की ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कान कोरायच्या काडीनं पुसा, दर चार-पाच दिवसांनी, तीन-चार वेळा. नंतर दोन दिवस उन्हात ठेवू नका. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब, हा फवाराही चालतो, संध्याकाळीच मारायचा. इचेव्हेरियावर मात्र तो नको: पानांवरची पांढुरकी भुकटी ही त्याची ऊन अडवणारी चादर आहे, तेलानं ती निघून जाते आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. कुंडी बदलताना मुळांवर पीठ दिसलं तर माती सगळी टाका, मुळं धुवा, कुंडी उकळत्या पाण्यानं धुऊन मगच वापरा.

हिशोब: नर्सरीतून निवडून घेतलेलं रोप ८० ते १५० रुपये, मातीची कुंडी वीस-तीस, मिश्रण तेवढंच, सॉसची बाटली तीस-चाळीस. शहरागणिक थोडंफार इकडेतिकडे. दोन-अडीचशेत जास्त टिकाऊ भेट तयार होते, आणि कार्ड स्वतःच्या हातानं लिहिता येतं. तयार सेटच घ्यायचा असेल तर विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: रोपाचं नेमकं नाव काय, कुंडीला भोक आहे का, आणि रोप कोरड्या मातीत पाठवणार का. ओल्या कोकोपीटमध्ये बंद खोक्यात चार दिवस काढलेलं रोप वरून टवटवीत दिसतं आणि दोन आठवड्यांनी बुडातून सुटतं, तेव्हा परत करायची मुदत संपलेली असते. मागवायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा.

ज्या घरात भेट द्यायची तिथे मांजर किंवा कुत्रा असेल तर कलांचो आणि खरं जेड टाळा, दोन्ही त्यांना विषारी आहेत. कलांचोचा तर हृदयावर परिणाम होतो. हावर्थिया आणि इचेव्हेरिया कुरतडलं तरी त्यांना बाधत नाही. शेर-निवडुंगाच्या कुळातली, तोडल्यावर पांढरा चीक येणारी रोपं लहान मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्यानं डोळे धुवायचे आणि डॉक्टर गाठायचा.